सुपातलं नाव

नऊ वाजले तरी ज्वारीच्या पापडांचा, बिबड्यांचा, शेवटचा घाटा पातेल्यात रटरटत होता. अंगणात तीन खाटा, खाटांवर ओली धोतरं अंथरलेली, आणि गल्लीतल्या चार बाया हाताला पाणी लावून गरम गोळे थापत बसलेल्या. लग्नघरच्या बिबड्यांना कुणाला बोलावणं धाडावं लागत नाही. तिळाचा वास गल्लीत गेला की बाया आपल्या आपण येतात, आणि येताना गप्पा घेऊन येतात. दिपमाला पातेल्याशी उभी होती. एकुलत्या एका पोराचं लग्न सतरा दिवसांवर आलेलं. हाताला चटका बसला तरी तो तिला दुपारी कळत असे.

ओट्यावर ठेवलेला मोबाईल टिंग करून वाजला.

"मेघा, बघ गं काय आलं," ती शेजारच्या सुनेला म्हणाली. "माझे हात घाट्यात आहेत."

मेघानं पदराला बोटं पुसली, मोबाईल उघडला आणि उडीच मारली. "काकू, पत्रिका! जळगावच्या प्रेसवाल्यानं नमुना पाठवला. वाचू?"

"वाच, वाच. मोठ्यानं वाच," बाया म्हणाल्या.

मेघा शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तशी ताठ उभी राहिली. कुलदैवत झालं, गणपती झाला. "श्रीमती सुंदरबाई यांचे नातू, सौ. दिपमाला व श्री. लीलाधर पाटील यांचे सुपुत्र, चिरंजीव... सुयश." ती थांबली. पुन्हा बघितलं. "सुयशच आहे. कोण सुयश? काकू, तुम्हाला अजून एक मुलगा आहे का? आम्हाला कधी सांगितलं नाही!"

बाया खो-खो हसल्या. एक म्हणाली, "ओ माय, नवरदेवच बदली गया का?"

पुष्पाबाई तेवढी हसली नाही. ती सगळ्यांत जुनी. तिनं एकदाच दिपमालेच्या तोंडाकडं बघितलं आणि हातातला गोळा खाली ठेवला.

दिपमालेनं पातेल्यावर झाकण ठेवलं. चुलीतलं लाकूड ओढलं. हात धुतले, एकेक बोट धुतलं, नखात अडकलेला तीळ काढला. राग आला की ती फार हळू काम करायची. घरातल्यांना ते माहीत होतं. आदळआपट केली तर घरात वारं शिरलंय समजायचं. हळू हात धुतले तर मात्र पळायचं.

लीलाधर मागच्या दारी आरशापुढं दाढीचा साबण लावून बसला होता.

"पत्रिकेत नाव कुणी बदललं?"

"आली का पत्रिका?" तो आरशातच हसला. "बघ, कशी झाली. हितेंद्र सरांचा फोन होता परवा. मुलीकडचे, मोनालीचे काका. म्हणाले, आमच्याकडचे पाहुणे सगळे शिकलेले, सुपडू हे नाव पत्रिकेवर जरा जड जातं. घरात तुम्ही काहीही म्हणा, छापायला एखादं चांगलं घेऊ. रासही बदलायला नको, 'सु' कायम ठेवू. पाच नावं सांगितली त्यांनी. सुमित, सुजय, सुदीप, सुप्रीत, सुयश. मी सुयश घेतलं."

"पाचातलं तेच का घेतलं?"

"तेच एकदम कानाला बरं लागलं." लीलाधर गालावरून वस्तरा ओढत म्हणाला, "कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं."

दिपमाला एक पाऊल पुढं आली.

"कुठं ऐकलं?"

"आता ते काय आठवतं? टीव्हीत असेल." मग त्याला तिचे ओले, स्वच्छ हात दिसले आणि वस्तरा थांबला. लीलाधर तिच्याशी बोलताना नेहमी शहरी मराठी बोलायचा, कारण ती धुळ्याची. पण घाबरला की घरच्या अहिराणीत उतरायचा. "काय व्हयनं? नाव खराब शे का?"

"नाव खूप चांगलं आहे," ती म्हणाली. "फारच चांगलं आहे."

एवढं बोलून तिनं साडी बदलली, पिशवीत मोबाईल आणि पाण्याची बाटली टाकली आणि अंगणातून बाहेर पडली. दारात खुर्चीवर बसलेल्या सासूनं, सुंदरबाईनं, विचारलं, "कोठे जाय ऱ्हायनी?" पण सासूला कमी ऐकू येतं, आणि ओरडून सांगण्याइतका राग दिपमालेला आज खर्चायचा नव्हता. तो तिला जळगावपर्यंत पुरवायचा होता.

अमळनेरच्या स्टँडवर जळगावची गाडी लागलेलीच होती. खिडकीजवळ जागा मिळाली. धरणगावपर्यंत ऊन तिच्या मांडीवर बसून आलं.

कुठंतरी ऐकल्यासारखं. ती वाक्य चावत राहिली. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं एका खाटेवर झोपलेला माणूस म्हणतो, कुठंतरी ऐकल्यासारखं.

ते नाव तिनं कुठं ऐकलं होतं, ते तिला स्वच्छ माहीत होतं. दहावीला तिला त्र्याहत्तर टक्के पडले. धुळ्याच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली, वर ठळक मथळा : सुयश. खाली तिचं नाव, वडिलांचं नाव, शाळेचं नाव. वडिलांनी ते कात्रण पाकिटात घालून तीन वर्षं फिरवलं. घडीवर घडी पडून तिचं नाव झिजलं, वडिलांचं झिजलं, मथळा तेवढा शाबूत राहिला. पुढं शिकायचं होतं ते राहिलं, लग्न झालं. पहिला मुलगा झाला तेव्हा तिनं ठरवलं, हा शब्द याला द्यायचा. आपल्याला चार ओळी पुरला, याला जन्मभर पुरेल.

लीलाधर तेव्हा सुरतला लूमवर कामाला होता. बारशाला दोन दिवस आला, पेढे वाटले, परत गेला. नंतर आला तो मातीलाच. सुयश एकेचाळीस दिवसांचा होता. ताप आला आणि दोन रात्रीत उतरला तो उतरलाच.

दुसरा सहा दिवसांचा गेला. बाराव्या दिवसापर्यंत पोचलाच नाही, त्यामुळं त्याला नावच लागलं नाही. पण तिनं पोटात असतानाच एक ठरवून ठेवलेलं होतं, आणि ते एका दुपारी दळण निवडताना सासूजवळ बोलून गेली होती. तेच नडलं. सहाव्या दिवशी संध्याकाळी सुंदरबाई ओसरीत बसून जे बोलली ते गल्लीनं ऐकलं.

"तुन्हं तोंड गोड शे ना, तठेच दृष्ट लागस. गोड गोड नाव ठेवस, आनि मरण ते ऐकस."

म्हणजे पोरं तापानं गेली नाहीत, वेळेवर गाडी मिळाली नाही म्हणून गेली नाहीत. दिपमालेच्या तोंडानं गेली.

तिसऱ्या वेळी तिला कुणी विचारलंच नाही. अमळनेरच्या दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आली, तर दारात सासू सूप घेऊन उभी. नवं नव्हे, रोजचं, शेणानं सारवलेलं, एका कडेनं उसवलेलं. बाळाला तिच्या हातातून काढून त्या सुपात घातलं. सूप मागच्या दारानं नेलं आणि उकिरड्यावर ठेवलं. दिपमाला दाराच्या चौकटीला धरून बघत होती; ओल्या बाळंतिणीला तिथून पुढं जायची परवानगी नव्हती. बाळ रडत होतं. ठरल्याप्रमाणं पुष्पाबाई उकिरड्यावरून गेली, ठरल्याप्रमाणं तिला पोर 'सापडलं', तिनं सुपासकट उचललं आणि पुढच्या दारी येऊन हाक मारली, "ओ सुंदरबाई, माले एक पोऱ्या सापडना. तुम्हाले पाहिजे का?" सुंदरबाईनं पसाभर दादर ज्वारी तिच्या ओटीत टाकली आणि पोर घेतलं. झालं. आता ते दिपमालेचं नव्हतंच. कुणीतरी टाकलेलं, कुणाला तरी सापडलेलं, पसाभर ज्वारीत आलेलं. असल्या पोराकडं मरण कशाला बघेल?

"फोल उडी जास, दाना सुपमा ऱ्हास," सुंदरबाई म्हणाली. फोलकट उडून जातं, दाणा सुपात राहतो. "हाऊ सुपडू."

आणि दाणा राहिला. गोवर काढला, कांजिण्या काढल्या, विहिरीत पडून वर आला, पण राहिला. ते सूप पुन्हा कधी पाखडायला घेतलं नाही. देवघराशेजारी खिळ्याला टांगलेलं आहे. सासू दिवाळीला त्याला हळदकुंकू लावते, आणि दिपमाला त्याच्यावरचं जाळं काढते.

जाळं काढते, पण ते नाव तिनं पोराला हाक मारायला कधी घेतलं नाही.

जळगावला उतरली तेव्हा साडेबारा झाले होते. पत्ता पत्रिकेच्या नमुन्यावरच होता. गल्लीत दोन मजली इमारत, खाली प्रेस. आत शाईचा आणि गरम कागदाचा वास. दर्शनी टेबलाशी जाड चष्म्याचे तोतारामनाना, प्रेसचे मालक, स्वतःच कॉम्प्युटर चालवत बसलेले. आणि त्यांच्यासमोर पंख्याखालच्या खुर्चीत हितेंद्र सर. लीलाधरनं फोन केला असणार, हे तिला कळलं. बायकोला थांबवता येत नाही तेव्हा हा माणूस तिच्या पुढं फोन धाडतो.

"या, या विहीणबाई," सर उठले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. एका शाळेचे मुख्याध्यापक. उभं राहण्यातही हजेरी घेतल्यासारखे. "एवढ्या उन्हात कशाला आलात? फोनवर सांगितलं असतं. काही चूक राहिली का छापण्यात?"

"हो. नवरदेव चुकला आहे."

सर मोकळेपणानं हसले. "अहो, ते होय. ताई, तुमचा मुलगा लाखात एक आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. धुळ्याच्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढतो, निर्व्यसनी आहे. फक्त नाव... तुम्हीच बघा. निवडणुकीचा निकाल लागला की टीव्हीवर काय म्हणतात? सुपडा साफ. आमच्या शाळेत सहावीत एक सुपडू होता. पोरं बिचाऱ्याला आउट झाला की ओरडायची, सुपडू साफ!"

"मग तुम्ही त्या पोरांना काय सांगितलं?"

"मी?"

"तुम्ही मुख्याध्यापक ना. पोरांना सुपडू म्हणजे काय ते सांगितलं, की त्या पोराला नाव बदलायला सांगितलं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "ताई, काळ बदलतो. नावाला काहीतरी अर्थ असावा एवढंच माझं म्हणणं. सुयश म्हणजे चांगलं यश. ऐकताच कळतं. सुपडूला अर्थ काय?"

दिपमाला खुर्चीत बसली नव्हती. पिशवी टेबलावर ठेवून उभीच राहिली.

"सर, माझ्या पोराच्या नावाला जेवढा अर्थ आहे ना, तेवढा तुमच्या सगळ्या हजेरीपटात नसेल. तीन दिवसांचं पोर उकिरड्यावर ठेवलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत. कावळे होते तिथं. का, तर आधीची दोन गेली होती, आणि मरणाला फसवायचं होतं, की हे पोर नाहीच, हा केरकचरा आहे. सुपडू म्हणजे कचरा आहे असं सांगून वाचवलेला दाणा. मला तो प्रकार तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. मरणाला मराठी कळते आणि अहिराणी कळत नाही, असं काही नसतं. पण मी ते गिळलं. पंचवीस वर्षं गिळलं. आणि आता तुम्ही म्हणता, अर्थ काय?"

तोतारामनानांचा हात माऊसवर तसाच राहिला होता. हितेंद्र सर खाली बसले. "मला हे ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. मग, मुख्याध्यापकाला गप्प बसवत नाही म्हणून, "पण मग तर तुम्हाला बरंच वाटायला पाहिजे ना? हे असलं दुःखाचं नाव जाऊन चांगलं येतंय."

"सुयश आमच्या घरात एकदा वापरून झालं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्याचं नाव. मीच ठेवलं होतं. एकेचाळीस दिवस पुरलं." तिचा आवाज चढला तसा शेजारच्या मशीनवरचा माणूस मशीन बंद करून बघायला लागला. "मेलेल्या पोराचं नाव जित्या पोराच्या कपाळी छापून तुम्ही हजार घरी वाटणार होता. आणि ते कुणी पसंत केलं? त्याच्या बापानं. कानाला बरं लागलं म्हणून."



"ताई, बसा," तोतारामनाना म्हणाले. पाण्याचा ग्लास सरकवला. "माझं नाव बघा, तोताराम. पोपटावर गेलंय. मलाही शाळेत मिरची दाखवायचे." कुणी हसलं नाही, तरी ते सावकाश बोलत राहिले. "चाळीस वर्षं पत्रिका छापतो. पूर्वी एका लग्नसराईत सात-सात सुपडू छापलेत मी. उखर्डू, निंबा, कौतिक, नथ्थू. आता ही नावं पत्रिकेत खालच्या ओळीत येतात. कैलासवासी अमुक यांच्या आशीर्वादानं. चिरंजीवच्या पुढं सुपडू टाइप करून मला दहा वर्षं झाली असतील."

दारात मोटारसायकल थांबली. हेल्मेट काढत आत आला तो नवरदेवच. धुळ्याहून निघालेला, महामार्गाची सगळी धूळ चेहऱ्यावर, दवाखान्याचं ओळखपत्र अजून गळ्यात. आईच्या मागं-पुढं फोन धाडताना लीलाधरनं कुणालाच सोडलं नव्हतं.

"आई, काय चाललंय?"

"ये. तू राहिला होतास. तुला माहीत होतं पत्रिकेत काय छापणार ते?"

त्यानं मोनालीच्या काकांकडं बघितलं, मग जमिनीकडं. "हो. आबांनी विचारलं होतं. मी हो म्हटलं."

म्हणजे बापाबरोबर हाही. दिपमालेला आत्तापर्यंत वाटत होतं, राग संपत आला. आता कळलं, खरा तर पुढंच होता. "लाज वाटली? त्या मोनालीला लाज वाटली?"

"तिचं काही नाही. ती तर पहिल्या दिवसापासून सुपडूच म्हणते. म्हणाली, निदान रस्त्यात दुसऱ्या कुणाला हाक मारली तर चुकून वळून बघायचा नाहीस."

"मग तुला? दवाखान्यात हसतात?"

"हसतात. त्यात काय? मी त्यांना म्हणतो, श्वास रोखा, हलू नका, आणि बटण दाबतो."

"मग हो का म्हटलास?" ती ओरडली. "कुणासाठी?"

"तुझ्यासाठी!" तोही ओरडला. पंचवीस वर्षांत तो तिच्यावर असा कधी ओरडला नव्हता. "तू मला कधी एकदा तरी नावानं हाक मारली का? मोठीमाय मारते, आबा मारतात, बठ्ठा गाव मारतो. तू राजा म्हणतेस, भाऊ म्हणतेस, पोऱ्या म्हणतेस. शाळेच्या गॅदरिंगला माझं नाव पुकारलं की तू साडीचा पदर नीट करायचीस. मला वाटायचं, हिला माझं नाव आवडत नाही. हिला शरम वाटते. आबांनी विचारलं तेव्हा मला वाटलं, चला, आईला एक नाव मिळेल. निदान लग्नात तरी ती मला हाक मारेल."



सांगायचं कसं? सुरुवातीला ती ते नाव घेत नव्हती ते रागानं. त्या नावात तिला रोज शिवी ऐकू यायची. गल्लीतून कुणी "ए सुपडू" म्हटलं की तिला ऐकू यायचं, ए चेटकिणी. मग राग जुना झाला. पोर चालायला लागलं, बोलायला लागलं, आणि एके दिवशी संध्याकाळी ते दिवेलागणीला घरी आलं नाही म्हणून ती दारात येऊन हाक मारायला गेली, तर तोंडातून शब्दच फुटला नाही. भीती वाटली. ज्या तोंडानं सुयश म्हटलं, त्याच तोंडानं याचंही नाव घ्यायचं? सासूचं बोलणं खोटं आहे हे तिला माहीत होतं. पण पोराच्या बाबतीत खरं-खोटं कोण करत बसतं? भावाच्या मुलीच्या बारशाला आत्या म्हणून कानात नाव सांगायचा मान तिचा होता. ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत बसली. गल्लीतल्या प्रत्येक बारशाला ती पोळ्याच लाटत बसली. लोक म्हणायचे, दिपमालेचा हात फार चांगला. तोंडाबद्दल कुणी बोलायचं नाही, आणि ती मनात म्हणायची, कळलं बरं मला.

त्यातलं थोडंच ती बोलू शकली. "मला सांगितलं होतं, की माझ्या तोंडानं पोरं जातात," ती म्हणाली. "म्हणून नव्हते घेत नाव. शरम नव्हती रे. तू राहावास म्हणून."

पोराच्या चेहऱ्यावरची धूळ दोन ठिकाणी ओली झाली. "कुणी सांगितलं असं?"

"ते सोड. तिनंही भीतीनंच सांगितलं असेल. नातवंडं तिचीही होती." मग तिला स्वतःच्याच समजूतदारपणाचा राग आला. "नाही, सोडू कशाला? सांगितलं ते चुकीचंच सांगितलं. आणि तुझ्या बापानं ऐकून घेतलं, तेही चुकीचं. आणि मी खरं मानलं ते तर सगळ्यांत चुकीचं."

पिशवीतला मोबाईल मघापासून थरथरत होता. सातव्यांदा वाजला तेव्हा पोरानंच काढून तिच्या कानाला लावला. पलीकडं लीलाधर होता, पण बोलत नव्हता. मागं सुंदरबाईचा आवाज येत होता, बहिऱ्या माणसाचा मोठा आवाज : "मरेल पोऱ्यानं नाव ठेवस! तुले याद बी नही! सांग तिले, सांग!" तर सासूला त्या मेलेल्या पोराचं नाव आठवत होतं. दिपमालेला हे कधी वाटलं नव्हतं, की आपल्याशिवाय त्या घरात ते नाव आणखी कुणाजवळ आहे.

"मन्हा ध्यानमा नव्हतं," लीलाधर शेवटी म्हणाला. "माले... खरंच ध्यानमा नव्हतं, दीपा."

"ते कळलं मला. सकाळीच कळलं."

"काय करू मी आता?"

"बिबडे उलटा," ती म्हणाली. "ऊन चढलंय. करपले तर मी आल्यावर बघते." आणि बंद केला.

हितेंद्र सर खुर्चीतून उठले होते. दोन्ही पेनं खिशात नीट करून म्हणाले, "ताई, माझं चुकलं. आमच्या बाजूनं कुणाचं काही म्हणणं नाही. तुम्ही म्हणाल ते नाव."

"म्हणाल ते कशाला? आहे ते."

"आहे ते," सरांनी मान्य केलं.

तोतारामनानांनी कॉम्प्युटरवर पत्रिका उघडली. 'चि. सुयश' वर काळी पट्टी आणली, बटण दाबलं, शब्द गेला. चि. आणि पुढं मोकळी जागा, तिथं एक बारीक रेघ उघडमीट करत राहिली. दिपमाला त्या जागेकडं बघत राहिली. एवढीशी जागा. एकेचाळीस दिवसांइतकी.

"हं, सांगा ताई," नाना म्हणाले. "काय टाकू?"

त्यांना काय टाकायचं ते ठाऊक होतं. सरांना ठाऊक होतं. पोरालाही. तरी तिघंही गप्प राहिले. पोरानं तर हेल्मेट काखेत धरून शाळेत हजेरीला उभं राहावं तसे पाय जुळवले होते.

तिनं पाण्याचा ग्लास उचलला, पाणी प्यायली नाही, ठेवला.

"सुपडू," ती म्हणाली.

आवाज घोगरा आला. सासूवरचा, नवऱ्यावरचा, पंचवीस वर्षं लाटलेल्या पोळ्यांवरचा सगळा राग त्यात होता, त्यामुळं ते नाव कमी आणि फटकारा जास्त वाटला. तिनं पोराकडं बघितलं. तो उभा होता. चांगला साडेपाच फूट, धुळीनं भरलेला, धडधाकट.

नानांनी टाइप केलं. "सु ऱ्हस्व, डू दीर्घ. बरोबर?"

"बरोबर. आणि ठळक करा. मथळ्यासारखं."

प्रेसच्या बाहेर ऊन मी म्हणत होतं. पोरानं मोटारसायकल वळवली, ती मागं बसणार तेवढ्यात रिक्षा आली आणि हा वेडा रस्त्याकडं न बघताच गाडी पुढं काढायला लागला.

"सुपडू! रिक्षा! डोळे फुटले का?"

रिक्षा गेली. त्यानं गाडी बंद केली, हेल्मेट काढलं आणि मान मागं वळवली. "काय म्हणालीस? ऐकू आलं नाही."

"रिक्षा म्हटलं. बहिरा झालास का मोठीमायसारखा?"

"त्याच्या आधी काय म्हणालीस?"

"सुपडू म्हटलं! सुपडू! आता चल, ते बिबडे करपवतील तिकडे."

"हेल्मेटमुळं नीट येत नाही ऐकू," तो म्हणाला. हेल्मेट त्याच्या हातात होतं.